खात्यासमोर उभ्या राहणाऱ्या वकिलावर लगाम कोणाचा?

अमेरिकेत वकिलाला सनद मिळते ती राज्यातून, आणि जाते तीही तिथल्याच न्यायालयाच्या हुकमाने. मग एखादं केंद्रीय खातं 'या वकिलाने आमच्याकडे उभं राहायचं नाही' असं कशाच्या जोरावर म्हणतं? त्याचं मूळ यादवी युद्धातून उभ्या राहिलेल्या दाव्यांच्या बाजारात आहे.

जखमी सैनिक आणि विधवा पेन्शनसाठी अर्ज करू लागले, तसं दलालांचं पेव फुटलं. अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १८६२ मध्ये अर्जामागे वकील-दलालाला घेता येणारी फी ५ डॉलरवर बांधली, १८६४ मध्ये ती १० डॉलर केली. ही १० डॉलरची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने चक्क १९८५ मध्येही वैध ठरवली! एवढ्याशा पैशात कोण वकील हात घालणार? दलालांना आवरता आवरता माजी सैनिकच वकिलाविना राहिला. १९८८ मध्ये नवा कायदा आला, तेव्हा कुठे हे बंधन सैल झालं.

दुसरा बाजार घोड्यांचा. युद्धात गेलेल्या घोड्यांची भरपाई ट्रेझरीकडून, म्हणजे अर्थखात्याकडून, मागितली जाई आणि मेल्यावर घोड्याची किंमत चढे. म्हणून ७ जुलै १८८४ च्या कायद्याने ट्रेझरीला अधिकार दिला: दावेदारांतर्फे येणाऱ्या वकिलांचं आणि एजंटांचं चारित्र्य तपासा, गैरवर्तन दिसलं तर नोटीस देऊन, म्हणणं ऐकून त्यांना बंदी करा. १९२१ मध्ये हे नियम 'परिपत्रक २३०' या नावाने एकत्र झाले. ट्रेझरीच्याच आयकर खात्यासमोरच्या वकील-अकाउंटंटांना आजही तेच लागू आहे.

पुढे खाती वाढली आणि प्रत्येकाचा दरवाजा वेगळा झाला. १९६५ च्या कायद्याने सनद असलेल्या वकिलाला बहुतेक खात्यांची दारं वेगळ्या परवानगीविना उघडली. पेटंट कार्यालय मात्र वगळलं. शिस्तभंगाच्या कारवाईचा अधिकारही खात्यांकडेच राहिला.

खरी कुरबुर झाली ती शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या एसईसी या आयोगाच्या नियम २(ई) वरून, म्हणजे आपल्यासमोर येणाऱ्या वकिलाला बंदी करण्याच्या नियमावरून. १९३५ पासूनचा हा नियम सत्तरच्या दशकात धारदार झाला. वकिलांचा आक्षेप मला रास्त वाटतो: जे खातं अशिलाच्या विरोधात उभं आहे, त्याच्याच हातात माझी रोजीरोटी असेल तर मी त्याच्याशी भांडू कसा? १९८१ मध्ये आयोगाने दोन वकिलांना निर्दोष सोडलं, पण बजावलं की कंपनी माहिती दडवतच राहिली तर वकिलाला गप्प बसता येणार नाही.

मग दाभोळमुळे आपल्याला तोंडपाठ झालेली एन्रॉन कोसळली. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याच्या कलम ३०७ ने कंपनीच्या वकिलावर जबाबदारी टाकली: गैरव्यवहाराचा पुरावा दिसला तर आधी मुख्य विधी अधिकाऱ्याला सांगा, दखल घेतली नाही तर थेट संचालक मंडळापर्यंत जा. तरीही काही झालं नाही तर काम सोडा आणि तसं आयोगाला कळवा, असाही प्रस्ताव होता. अशिलाची गुपितं खात्याकडे पोहोचवण्याचाच हा मार्ग, अशी वकील संघटनांनी ओरड केली आणि तो बारगळला.

घोड्यांचा कायदा २०१४ मध्ये पुन्हा कोर्टात आला. आयकर खात्याला त्याच्या आधारे विवरणपत्रं भरून देणाऱ्यांनाही परीक्षेला बसवायचं होतं. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नकार दिला: फॉर्म भरून देणारा माणूस करदात्याचा 'प्रतिनिधी' ठरत नाही.