मध्येच लागणारा, मध्येच विझणारा एबीएसचा दिवा

पावसात त्र्यंबकेश्वराहून परतताना डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेईपर्यंत विझलेला असतो. मग ‘चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलून बघू’ हा ठरलेला सल्ला मिळतो. जुन्या गाडीत तो पुष्कळदा वाया जातो. असा ये-जा करणारा दोष सेन्सरच्या पोटात कमी आणि त्याच्या आजूबाजूला, म्हणजे वायर, कनेक्टर, चाकासोबत फिरणारी दातेरी रिंग नाहीतर बेअरिंगमध्ये जास्त सापडतो.

आधी एक खबरदारी. फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक चालतात, पण कसारा घाटात ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाकं जाम होऊन स्टीअरिंग ऐकेनासं होऊ शकतं. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी बाजूला घ्या आणि ब्रेक ऑइलची पातळी बघा. मागच्या-पुढच्या चाकांतली ब्रेकची विभागणीही त्या वेळी बिघडलेली असू शकते.

बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. हीच ती बॉश, जिच्या जुन्या ‘मायको’ नावावरून नाशिककर आजही मायको सर्कल म्हणतात. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं असतं. समोरून रिंगचा दाता गेला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तारेत वीज निर्माण होते. चाकाचा घेर १.८ मीटर आणि रिंगला ४४ दाते धरले, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे २४० स्पंदनं मॉड्यूलकडे, म्हणजे एबीएसच्या कंट्रोल युनिटकडे जातात. ही वीज क्षेत्र किती झपाट्याने बदलतं त्यावर ठरते, म्हणून वेग कमी झाला की सिग्नल क्षीण होतो. सेन्सर आणि दाते यांतली फट साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते. टोकावर ब्रेकच्या झिजेची लोखंडी भुकटी चिकटली किंवा गंजाने फट वाढली, तर आधी हरवतो तो मंद वेगातला सिग्नल.

सेन्सर बदलत बसण्यापेक्षा दिवा लागण्याची वेळ टिपून ठेवलेली बरी. निम्मं निदान तिथेच होतं. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद दिवा लागणं ही स्वतःची तपासणी असते. तो तेव्हापासून विझतच नसेल तर तुटलेली सर्किट, फ्यूज, रिले किंवा बॅटरी बघा. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. गाडी सुटल्यावर थोड्या अंतरात लागला, तर चाकाचा सिग्नल येत नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा गतिरोधकावर लागला, तर शॉकॲब्सॉर्बरजवळ रोज वाकणारी वायर आतून तुटली असण्याचा दाट संशय. वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. पावसातच लागत असेल तर कनेक्टर उघडून हिरवट गंज शोधा.

आणखी एक लक्षण फसवं आहे. दिवा लागत नाही, पण थांबताना शेवटच्या पाच-दहा किलोमीटर वेगाला पेडल थरथरतं. ड्राइव्ह शाफ्टवरची रिंग गंजून तडकली, की दोन दात्यांमधली एक फट रुंद होते. त्या क्षणी मॉड्यूलला वाटतं, चाक एकदम मंदावलं, आणि कोरड्या रस्त्यावर एबीएस उगाचच चालते. रिंग हाताने फिरवून चहूबाजूंनी बघा. तडा बऱ्याचदा एकाच जागी असतो.

गाडीने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारा स्वस्तातला कोड रीडर बहुतेक फक्त इंजिनचेच कोड वाचतो. एबीएससाठी ‘सी’ने सुरू होणारे कोड वाचणारा स्कॅनर लागतो. सी ००३५ हा पुढच्या डाव्या आणि सी ००४० हा पुढच्या उजव्या चाकाचा सर्वसाधारण कोड. कंपन्यांचे वेगळे कोडही असतात. लाइव्ह डेटामध्ये चारही चाकांचे वेग लावा आणि रिकाम्या रस्त्यावर शेजारी बसलेल्याला बघायला सांगा. कोणतं चाक मध्येच शून्यावर जातं ते पाच मिनिटांत कळतं.

मग त्या चाकाचा कनेक्टर सोडून मल्टिमीटर लावा. जुन्या वेटोळ्याच्या सेन्सरचा रोध बहुतेक १००० ते १५०० ओहम, आणि डावा-उजवा जवळपास सारखा असायला हवा. मीटर लावलेला असतानाच वायर हळूहळू वाकवत न्या. आकडा उडाला, की तुटलेली जागा सापडली. तार ते बॉडी रोध अनंत नसेल तर आत पाणी गेलेलं असू शकतं. मात्र नव्या धाटणीच्या, वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या सेन्सरला ओहमने मोजू नका. तो ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांत बोलतो. तिथे कनेक्टरवर मॉड्यूलकडून येणारा व्होल्टेज तपासा.

चाक उचलून वर-खाली हलवा. बेअरिंग खेळत असेल तर फट प्रत्येक फेऱ्यात बदलते आणि सेन्सर कितीही नवा घातला तरी दिवा परत येतो. चुंबकीय रिंगवाल्या बेअरिंगची चुंबकीय बाजू सेन्सरकडेच बसवावी लागते. उलट बसवली तर दिवा कायमचाच लागतो.

वायर वाकते तिथे पिळून टेप लावणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याचं आमंत्रण. झाळून वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, नाहीतर वायरसह सेन्सर बदला. गंजून अडकलेल्या सेन्सरला हातोडी मारू नका. गंज सोडवणारं तेल टाकून थांबा. भोक बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि टोकाला ग्रीस लावू नका. छोटा बोल्ट साधारण ८ ते १० न्यूटन मीटरने आवळायचा, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघून.

मॉड्यूलवर बोट ठेवायचं ते या सगळ्यानंतर. बॅटरी निगेटिव्ह ते मॉड्यूलच्या अर्थिंगमध्ये लोडखाली ०.२ व्होल्टपेक्षा जास्त घट असेल, तर आधी अर्थिंग घासून साफ करा. पंप किंवा रिलेचा कोड इंजिन तापल्यावरच येत असेल, तर आतला तडकलेला सोल्डर हे कारण असू शकतं. हे काम मॉड्यूल दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या, आणि नळ्या खोलल्या असतील तर ब्लीडिंग केल्याशिवाय, म्हणजे नळ्यांतली हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नका.

शेवटी कोड पुसून दोन्ही बाजूंना पूर्ण वळणं घ्या, गतिरोधकांवरून जा आणि पुन्हा लाइव्ह डेटा बघा. बऱ्याच गाड्यांत चाकांचा सिग्नल नीट मिळाल्याची खात्री होईपर्यंत, म्हणजे थोडं अंतर जाईपर्यंत दिवा विझत नाही. लगेच विझला नाही म्हणून सगळं पुन्हा खोलू नका.