मीटिंग की केंद्र? दारू सोडताना आधी कुठे जायचं

इंदूरच्या मराठी घरांत कुणाची दारू हाताबाहेर गेली की दोन सल्ले एका दमात मिळतात: ‘एएच्या मीटिंगला पाठवा’ आणि ‘केंद्रात टाका’, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात. सांगणाऱ्याच्या मनात बहुधा दोन्हींचं चित्र एकच असतं. मला हा घोळ फार धोक्याचा वाटतो. क्रम चुकला तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालं. शेअरबाजारात काम केलेला एक गृहस्थ आणि एक सर्जन, दोघंही दारूच्या आहारी गेलेले, एकमेकांशी बोलत सावरले. मीटिंगचा गाभा आजही तेवढाच आहे. तास-दीड तास बसायचं, ज्याला बोलावंसं वाटेल त्याने स्वतःचं सांगायचं, बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायचं. तिथे डॉक्टर नसतो, औषध नसतं, खाट नसते. दारू सोडायची इच्छा, एवढीच सदस्य होण्याची अट. फी नाही, खर्चापुरते पैसे सदस्यच आपापसांत जमवतात, बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. एए स्वतः केंद्रं चालवत नाही आणि कुठल्या केंद्राची शिफारसही करत नाही. तेव्हा ‘आमचं एएचं केंद्र आहे, महिन्याचे इतके भरा’ असं कुणी म्हणालं, तर ते एए नव्हे.

घोळ होतो तो अशामुळे की पुष्कळ केंद्रांत एएचे सदस्य जाऊन मीटिंग घेतात आणि एएच्या बारा पायऱ्यांचा, म्हणजे सावरण्याच्या टप्प्यांचा, तक्ताही भिंतीवर असतो. पण केंद्राचं काम वेगळं. तिथे माणूस राहतो, त्याच्या शरीरातली दारू उतरताना डॉक्टर लक्ष ठेवतात, समुपदेशन होतं.

आणि या उतरण्याकडेच घरचे सर्वांत कमी लक्ष देतात. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत हेही कळेनासं होतं. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात मृत्यू येतो. ‘गणपतीत शपथ घेतली, त्या दिवसापासून थेंब नाही’ हे ऐकायला छान वाटतं. पण सकाळी उठल्या उठल्या ज्याला घोट लागतो, त्याने शपथेआधी डॉक्टर गाठावा. इंदूरचं मोठं सरकारी रुग्णालय एमवाय किंवा बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय, दोन्हीकडे दाखवता येतं. बी-वन जीवनसत्त्व आणि थरथर, फिट आवरणारी औषधं डॉक्टरच ठरवतील. पेपरातल्या जाहिरातींमधली ‘न सांगता सोडवा’ छापाची पूड भाजीत मुळीच कालवू नका. आत काय आहे ते कळत नाही, आणि दारूशी वावडं असलेलं औषध नकळत पोटात गेल्यावर तो प्यायला तर प्रकृती गंभीर होऊ शकते.

केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. आपल्या लोकांना केंद्र म्हटलं की पुण्याचं, १९८६ साली सुरू झालेलं मुक्तांगण आठवतं. प्रत्येक पाटीमागे तसंच काम असेल असं नाही. मानसोपचारतज्ज्ञ कोण, रात्री फिट आली तर काय करता, आम्हाला कधी भेटता येईल, नोंदणी दाखवता का, हे भरती करण्याआधी विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारे विकारही येतात, आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्यात साफ मनाई आहे. रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणाऱ्यांना कितीही वैतागलात तरी होकार देऊ नका.

मीटिंग शोधणं त्यामानाने सोपं. एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर शहर सांगून विचारा: कुठे, कोणत्या वारी, कोणत्या भाषेत, आणि मीटिंग खुली की बंद. खुल्या मीटिंगला घरचेही बसू शकतात. बंद मीटिंग फक्त दारूचा प्रश्न असणाऱ्यांची. इंदुरात बोलणं हिंदीतून होईल हे धरून चला, मराठीत सांगितलं तरी बहुतेकांना कळतं. रामबागेसारख्या आपल्या वस्तीत सगळे ओळखीचे, कुणी पाहिलं तर काय, ही धास्ती खरी आहे. पण घराजवळच्याच मीटिंगला जावं असा नियम नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला जा, आणि पूर्ण नाव सांगायचीही गरज नाही.

वहिनींसाठी, आईसाठी अल-अनॉन आहे. १९५१ पासूनची ही वेगळी संघटना, पिणाऱ्याच्या घरच्यांची. तो मीटिंगला जायला तयार नसला तरी त्या जाऊ शकतात.

केंद्रात ठेवलंच असेल, तर सुट्टीची तारीख ठरताच त्याच संध्याकाळची मीटिंग शोधून ठेवा, आणि जमलं तर तिथल्या एखाद्या जुन्या सदस्याला त्याला न्यायला बोलवा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. पैसे पडत नाहीत.