बिंदुनामावली (सार्वजनिक आरोग्य सेवेतील)

शासकीय संवर्गातील (एकाच प्रकारच्या पदांच्या गटातील) प्रत्येक मंजूर पदाला क्रमांक देऊन ते पद कोणत्या सामाजिक प्रवर्गाच्या वाट्याचे आहे हे दाखवणारी नोंदवही. यातील एकेक क्रमांक म्हणजे बिंदू. वैद्यकीय अधिकारी, अधिपरिचारिका, औषध निर्माण अधिकारी, आरोग्य सेवक अशा प्रत्येक संवर्गाची नामावली स्वतंत्र ठेवतात.

उगम : राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर (कोल्हापूर) संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. नामावलीचा प्रारंभ बहुधा येथून सांगितला जातो. मात्र त्या आदेशात वाटा ठरवलेला आहे, क्रम नाही. ठरावीक आवर्तनाने पदे फिरवण्याची रीत मद्रास प्रांताच्या जातवार आदेशात स्पष्ट दिसते. १९२७ मध्ये तिथे दर १२ नेमणुकांचे चक्र होते. तंत्र म्हणून नामावलीचे मूळ मद्रासमध्ये आणि तत्त्व म्हणून कोल्हापुरात मानणे अधिक सयुक्तिक वाटते. करवीरच्या आदेशातील आणखी एक तरतूद सहसा दुर्लक्षित राहते. ज्या कार्यालयात मागासवर्गीयांचे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी असेल, तिथे पुढची नेमणूक त्यांचीच करावी, असे त्यात म्हटले होते. म्हणजे रिकाम्या होणाऱ्या जागांबरोबर कार्यालयातील प्रत्यक्ष प्रमाणही त्यात मोजले जात होते.

पद की रिक्त जागा : हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९५ मध्ये आर. के. सभरवाल प्रकरणात निकाली काढला. टक्केवारी संवर्गातील पदांवर काढायची, रिक्त जागांवर नाही. सर्व बिंदू एकदा भरले की नामावलीचे फिरणे थांबते. त्यानंतर ज्या प्रवर्गाचा कर्मचारी जागा सोडेल त्याच प्रवर्गातून ती भरायची. १०० पदांच्या संवर्गात अनुसूचित जातींचे ९ कर्मचारी आहेत आणि १० जागा रिकाम्या झाल्या असे धरू. महाराष्ट्रातील १३ टक्के दर रिक्त जागांना लावला, तर त्यांना १ जागा मिळते. पदांच्या हिशेबाने ४ मिळतात. अनुशेष (न भरलेली राखीव पदे) साचण्याचे ही चूक एक कारण आहे.

बिंदू ठरवणे : प्रवर्गाचा टक्का पदांच्या संख्येने गुणत जायचे, गुणाकार जिथे पूर्णांक गाठतो किंवा ओलांडतो तो बिंदू त्या प्रवर्गाचा. अखिल भारतीय स्पर्धेतून भरल्या जाणाऱ्या केंद्रीय पदांत इतर मागासवर्गाचा (२७ टक्के) पहिला बिंदू ४ वा आणि अनुसूचित जातींचा (१५ टक्के) ७ वा येतो. १४ व्या बिंदूवर अनुसूचित जमाती (७.५ टक्के) आणि अनुसूचित जाती या दोघांचाही हक्क एकदम पूर्ण होतो, तेव्हा तो जमातींना देऊन जातींचा बिंदू १५ वर सरकवतात. महाराष्ट्राच्या २००१ च्या अधिनियमात वाटे असे आहेत : अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती (ब) २.५, (क) ३.५, (ड) २, विशेष मागास प्रवर्ग २, इतर मागासवर्ग १९.

समांतर आरक्षण : महिला (महाराष्ट्रात ३० टक्के), दिव्यांग (२०१६ च्या अधिनियमानुसार किमान ४ टक्के) इत्यादींचे आरक्षण प्रवर्गांना आडवे छेदते. वैद्यकीय प्रवेशाच्या अनिलकुमार गुप्ता खटल्यात (१९९५) या पद्धतीची चर्चा झाली. आधी गुणवत्तेने प्रवर्गाची यादी करावी, मग त्यात महिला मोजाव्यात. १० जणांच्या यादीत २ महिला आधीच असतील, तर एकच वाढवायची आणि यादीतील शेवटचा पुरुष वगळायचा. ३ जागा आधीच बाजूला काढणे ही नेहमीची चूक आहे. कुष्ठरोगमुक्त व्यक्ती दिव्यांगांच्या वाट्यात येतात. आरोग्य खात्यात ही तरतूद विशेष जपायला हवी.

मर्यादा : एकाकी पदाला (संवर्गात एकच पद असेल तर त्याला) आरक्षण लावता येत नाही, असे चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या प्रकरणात १९९८ मध्ये ठरले. त्यामुळे विशेषज्ञांचे संवर्ग विषयवार तोडले की राखीव बिंदू गळतात. मंडल निकालात (१९९२) अतिविशेष (सुपर-स्पेशालिटी) वैद्यकीय पदांवर आरक्षण इष्ट नसल्याचे मतही नोंदवलेले आहे. खुल्या जागेवर गुणवत्तेने आलेल्या मागासवर्गीयाला राखीव बिंदूवर दाखवण्याची चूकही वारंवार होते. त्यामुळे वाटा भरल्यासारखा दिसतो आणि खरी तूट दडते.

नेमणुकीनंतरची वागणूक नामावलीच्या कक्षेत येत नाही. तिथे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष ज्येष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा.