मैत्रीभावना : ‘आधी स्वतःवर प्रेम’ ही पायरी आली कुठून?

मैत्रीभावना म्हणजे स्वतःचे आणि इतरांचे भले चिंतण्याचे ध्यान. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद), उपेक्षा (समभाव) ही चौकडी योगसूत्रांत (१.३३) चित्त प्रसन्न करण्याचा उपाय म्हणून येते. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात तीच थोड्या वेगळ्या नावांनी भेटते. मात्र रोज बसून करायची, पायऱ्यापायऱ्यांची कृती सर्वांत तपशिलात मिळते ती बौद्धांच्या पाली परंपरेत. आज जगभर शिकवली जाणारी मैत्रीभावना बव्हंशी तिथूनच आली आहे.

जुन्या सुत्तांतल्या (बुद्धाच्या उपदेशांतल्या) नेहमीच्या वर्णनात व्यक्तींची यादीच नाही. तिथे दिशा आहेत. मैत्रीने भरलेले चित्त एका दिशेला पसरायचे, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, वर, खाली, आडवे. पुढे पटिसम्भिदामग्ग या पाली ग्रंथाने याचे चक्क गणित मांडले : प्राण्यांचे ५ सर्वसाधारण आणि ७ विशिष्ट गट, प्रत्येकासाठी ४ वाक्ये, म्हणजे ४८ प्रकार. तेच १० दिशांना लावले की ४८०. एकूण ५२८.

व्यक्तींचा क्रम सविस्तर येतो तो ५व्या शतकात श्रीलंकेत लिहिल्या गेलेल्या विशुद्धिमार्ग या ध्यानाच्या ग्रंथात. स्वतः, मग गुरूसारखी आदरणीय व्यक्ती, मग जिवलग मित्र, मग तटस्थ माणूस, शेवटी वैरी. वैरी नसेल तर शोधून काढायचा नाही, हेही सांगितले आहे. जिवलगापासून सुरुवात करू नये, कारण त्याचे जरा काही दुखले तरी रडू येते. जिच्याविषयी कामभाव जागू शकतो ती व्यक्ती निवडू नये. मृत व्यक्ती तर कधीच नाही. एका तरुण भिक्षूची भावना काही केल्या स्थिरावेना. चौकशी केल्यावर कळले, की ज्या आचार्यांना तो समोर आणत होता ते वारले होते.

वैऱ्यापाशी राग उसळला तर आधीच्या व्यक्तीकडे परतायचे आणि मन मऊ झाले की पुन्हा यायचे. तरीही जमत नसेल तर त्याच्या वागण्या-बोलण्यातली एखादी बरी गोष्ट धरायची, राग नेमका कशावर आहे हे तपासायचे (त्याच्या केसांवर? हाडांवर?), आणि तेही फसले तर त्याला सरळ काही भेट द्यायची. सगळ्या उपायांत हा शेवटचा सर्वांत व्यवहारी आहे.

वादाचा मुद्दा पहिल्या पायरीचा. ‘मी सुखी असो’ हे वाक्य सुत्तांच्या त्या वर्णनात नाही, ही शंका विशुद्धिमार्ग स्वतःच उपस्थित करतो आणि उत्तरही देतो : स्वतः इथे साक्षीपुरता आहे. मला सुख हवे, दुःख नको, तसेच इतरांनाही, एवढे पटण्यासाठी. शंभर वर्षे स्वतःवरच मैत्री केली तरी त्यातून ध्यान लागणार नाही, असेही तो बजावतो. म्हणजे ही पायरी ओलांडण्यासाठी होती, मुक्कामाची नव्हे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मैत्रीभावना ब्रह्मदेशातून पाश्चात्त्य शिबिरांत गेली आणि हा क्रम अडखळला. तिथल्या अनेक साधकांना स्वतःला शुभेच्छा देणेच सर्वांत अवघड जात होते. १९९० मध्ये धरमशालेत झालेल्या एका संवादात आत्मद्वेषाचा विषय निघाला, तेव्हा तिबेटी परंपरेतल्या एका ज्येष्ठ आचार्यांना असे काही असते हेच आधी पटेना. यातून दोन वाटा फुटल्या. काही शिक्षकांनी स्वतःचा टप्पा लांबवत नेला. काहींनी सुरुवातच बदलली : आधी उपकारकर्ता, लहान मूल किंवा पाळीव प्राणी, मग त्याच उबेत स्वतः. दुसरी वाट मूळ हेतूला अधिक जवळची. साक्ष म्हणून जे उभेच राहत नाही त्यावर पुढची इमारत कशी चढणार? पहिल्या वाटेत साधक पुष्कळदा तटस्थ माणसापर्यंत पोचतच नाही, आणि ‘माझे-परके’ ही भिंत तर तिथूनच पडू लागते.

वाक्येही बदलली. जुनी चार अशी : वैररहित असो, द्वेषरहित असो, क्लेशरहित असो, सुखाने स्वतःला सांभाळो. आजच्या वाक्यांत सुरक्षितता, आरोग्य आणि सुकर जगणे आले, वैर गळाले. वैर नावानिशी समोर नसले की भावना गोडगोड राहते आणि आसक्तीकडे सरकते. परंपरेने आसक्तीला मैत्रीचा जवळचा शत्रू म्हटले ते याचसाठी. द्वेष लगेच ओळखू येतो, ही मैत्रीच्याच वेशात येते.

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांत मात्र मैत्रीला शेवटी जागा मिळाली : दहाव्या दिवशी, मौन सुटण्याआधी. शरीरभर जळजळ किंवा मनात खळबळ असेल तर मैत्री द्यायचीच नाही, आधी संवेदनांकडे पाहायचे, अशी तिथली सूचना असते.

प्रयोगशाळेतल्या अभ्यासांना या शतकात वेग आला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोकरदारांनी काही आठवडे मैत्रीभावना केली. सकारात्मक भावनांत वाढ दिसली, पण ती सावकाश, आठवड्यांगणिक. वैऱ्याची पायरी मात्र अनेक छोट्या अभ्यासक्रमांत ‘अवघड व्यक्ती’ इतकी सौम्य झाली आहे, आणि काहींत ती घेतलीच जात नाही.