शब्द पाठ झाला, पण आला का?

‘तीस दिवसांत तीन हजार ॲडव्हान्स्ड इंग्रजी शब्द’ अशी जाहिरात हल्ली दर दोन व्हिडिओंनंतर डोकावते. म्हणजे रोज शंभर शब्द. आता खरं सांगायचं तर सकाळी शंभर शब्द घोकून संध्याकाळी त्यातले बरेचसे ओळखणं अगदीच अशक्य नाही. ‘इफेमरल’ म्हणजे क्षणभंगुर, ‘ऑब्फस्केट’ म्हणजे मुद्दाम गोंधळात टाकेल असं बोलणं. यादीवर बरोबरच्या खुणा होत जातात. पण शब्द ओळखता येणं आणि तो आपल्या शब्दसंग्रहात दाखल होणं, या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्या सहसा एका बैठकीत घडत नाहीत. हे ज्या प्रयोगांतून कळलं ते मला फार आवडतात, त्यामुळे बाकीचं उरकून मी तिथेच रेंगाळणार आहे.

आधी आपण शब्द ऐकतो कसा ते पाहू. कुणी ‘कार…’ एवढंच म्हटलं की डोक्यात कारण, कारभार, कारकून, कारखाना, कारस्थान असे अनेक उमेदवार एकदम जागे होतात. पुढचा ‘खा’ ऐकू आला की बाकीचे गळतात आणि कारखाना उरतो. शब्द पूर्ण व्हायच्या आतच निकाल लागतो. ही चढाओढ आपल्याला जाणवत नाही, पण ती मोजता येते. शब्दाच्या मध्येच अगदी छोटी शांतता घालायची आणि ती जाणवली की बटण दाबायला सांगायचं. त्या क्षणी जितके जास्त उमेदवार जागे, तितका बटण दाबायला उशीर. हा उशीर सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजावा लागतो.

आता समजा, तुम्हाला ‘कारखाडू’ असा एक बनावट शब्द शिकवला. तो खरोखर शब्दसंग्रहात गेला असेल, तर ‘कारखा’पाशी निकाल लागता कामा नये, कारण आता तिथे दोन उमेदवार आहेत. म्हणजेच ‘कारखाना’ ओळखायला किंचित उशीर व्हायला हवा. नवा शब्द आला की नाही, हे त्या शब्दाला न विचारता त्याच्या शेजाऱ्याला विचारायचं! निकोला द्युमे आणि गॅरेथ गॅस्केल यांनी २००३ मध्ये इंग्रजीत नेमकं हेच केलं. ‘कॅथेड्रल’च्या शेजारी ‘कॅथेड्रूक’सारखे शब्द बसवले. शिकल्या शिकल्या लोकांना ते छान ओळखता येत होते, पण जुन्या शब्दाला त्यांचा काडीचाही अडथळा होत नव्हता. अडथळा दिसू लागला तो नंतर.

मग प्रश्न आला की नुसता वेळ जावा लागतो की झोप? २००७ मध्ये त्यांनी एका गटाला सकाळी आठला शब्द शिकवले आणि दुसऱ्याला रात्री आठला. बारा तासांनी चाचणी घेतली तेव्हा रात्री शिकून झोपलेल्यांत चढाओढ दिसली. दिवसभर जागे असलेल्यांत दिसली नाही. चोवीस तासांनी, म्हणजे त्यांचीही झोप झाल्यावर, त्यांच्यातही ती दिसली.

असं का व्हावं? याचं एक पटणारं स्पष्टीकरण १९९५ मध्ये मॅक्लेलँड, मॅकनॉटन आणि ओ’रायली यांनी मांडलं होतं. मेंदूत शिकण्याच्या दोन यंत्रणा आहेत. हिप्पोकॅम्पस हा मेंदूच्या आतला छोटा भाग एकदा पाहिलेलं झटकन टिपतो. बाह्यक, म्हणजे मेंदूचं बाहेरचं आवरण (कॉर्टेक्स), मुद्दाम हळू शिकतं. मंदपणा हा त्याचा दोष नव्हे. जुनं सगळं ज्ञान त्याच चेतापेशींच्या जोडण्यांत एकमेकांवर पसरलेलं असतं. एका नव्या नोंदीसाठी त्या जोडण्या जोरात बदलल्या तर जुन्या नोंदी पुसल्या जातात. चेतापेशींची नक्कल करणाऱ्या संगणकातल्या कृत्रिम जाळ्यांमध्ये हे प्रत्यक्ष दिसतं. एकामागून एक याद्या शिकवल्या की पहिली यादी साफ उडते. उपाय म्हणजे नवीन गोष्ट थोडी थोडी, जुन्यांत मिसळून, पुन्हा पुन्हा दाखवणं. झोपेत हिप्पोकॅम्पस दिवसभरातले ठसे पुन्हा उगाळतो आणि बाह्यकाला तीच संधी देतो, असं मानलं जातं. गाढ नसलेल्या झोपेत मेंदूच्या आलेखावर सेकंदाला साधारण ११ ते १६ आवर्तनांचे छोटे झपाटे उमटतात, त्यांना स्पिंडल म्हणतात. २०१० च्या एका अभ्यासात ज्यांच्या झोपेत स्पिंडल जास्त, त्यांच्यात नव्या शब्दाची चढाओढ रात्रीतून जास्त वाढलेली आढळली. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, एवढं भान ठेवावं.

हिप्पोकॅम्पसच नसेल तर? हेन्री मोलेसन या रुग्णाचा तो भाग १९५३ मध्ये अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत बराचसा काढला गेला. त्याचे जुने शब्द शाबूत राहिले. नव्या शब्दांचे अर्थ मात्र कितीही वेळा शिकवले तरी त्याला जवळपास येत नसत.

‘झोपेत शिकणं’ म्हटलं की कानात यंत्र लावून शब्द ऐकत झोपण्याचे सल्ले लगेच येतात, म्हणून सांगून टाकतो. एमन्स आणि सायमन यांनी १९५६ मध्येच मेंदूचा आलेख पाहत, माणूस खरोखर झोपलेला असतानाच शब्द ऐकवले. सकाळी त्या झोपलेल्यांना काहीही आठवलं नाही. झोप मुरवते, पण मुरवायचा माल जागेपणीच आणावा लागतो. पुढे काही प्रयोगांत झोपेतल्या शब्दांचे फार पुसट ठसे सापडले, पण त्यावर कुणी परीक्षा पास होणार नाही.

याद्यांबद्दलही एक तक्रार आहे. ‘लॅकॉनिक, टर्स, सक्सिंक्ट’ असे सारख्या अर्थाचे शब्द एका गठ्ठ्यात देण्याची पद्धत व्यवस्थित वाटते, पण १९९३ मध्ये टिंकम यांनी तपासलं तेव्हा अर्थाने जवळच्या शब्दांचे गट शिकायला उलट जास्त खटपट लागली. अजून नीट न बसलेले शब्द एकमेकांत मिसळतात. सारख्या उच्चारांचंही तेच: ‘इन्जीनियस’ (कल्पक) आणि ‘इन्जेन्युअस’ (भोळाभाबडा) एकाच दिवशी शिकून पाहा.

उजळणीचं गणित तर जुनंच आहे. एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांत दाखवलं की तीन दिवसांत विभागलेल्या ३८ उजळण्या एका दिवशीच्या ६८ उजळण्यांच्या तोडीच्या ठरतात. आणि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे, अर्थ झाकून आठवणं. कार्पिक आणि रोडिगर यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द शिकवले. एकदा आलेला शब्द काहींना पुन्हा पुन्हा विचारला, तर काहींना नुसता पुन्हा पुन्हा दाखवला. आठवड्याने पहिल्यांना सुमारे ८० टक्के आठवले, दुसऱ्यांना ३६. आपल्याला किती आठवतील, असा अंदाज आधीच सगळ्यांना विचारला होता. दोन्ही गटांनी साधारण निम्मे असंच सांगितलं होतं.