बॅटरी गेली की आल्टरनेटर?

सकाळी किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’ वाजतं, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात आणि सेल्फ काही फिरत नाही. जुनी मारुती ८०० किंवा झेन असली की वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्या सोसायटीचा निकाल एकच: बॅटरी गेली. मग फोनवरून नवी मागवायची. चार दिवस गाडी गुणी बाळासारखी चालते आणि पाचव्या दिवशी पुन्हा ‘टक्’. आता शिव्या बॅटरीवाल्याला. खरं तर आल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारा छोटा जनरेटर, चार्जच करत नव्हता. नव्या बॅटरीने दुकानातून भरून आणलेल्या चार्जवर तेवढे दिवस काढले.

बिघाड कुठलाही असो, शेवटी बॅटरीच उतरलेली दिसते, म्हणून हा घोळ होतो. बॅटरीची मुख्य मेहनत सेल्फ फिरवण्यापुरती. इंजिन लागलं की हेडलाइट, वायपर, ब्लोअर, इग्निशन हा सगळा भार आल्टरनेटर उचलतो, वर बॅटरीतून गेलेला करंटही भरून देतो. त्यामुळे बॅटरीची परीक्षा इंजिन बंद असताना आणि सेल्फ मारताना घ्यायची, आल्टरनेटरची इंजिन चालू असताना.

मीटर नसला तरी थोडं कळतं. सकाळी अडून बसलेली गाडी एकदा धक्का देऊन लागली आणि दिवसभर कुरकुरली नाही, तर संशय बॅटरीवर. रात्री पावसात पुण्याच्या चांदणी चौकातून येताना हेडलाइट पिवळे पडत चालले, वायपर रेंगाळायला लागले, तर आल्टरनेटरवर. किंवा निदान त्याच्या सैल पट्ट्यावर, जो ओला झाला की किंचाळतो. डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा किल्ली ऑन केल्यावर लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो विझत नसेल तर सगळेच घाबरतात. लागतच नसेल तर कुणाचं लक्ष जात नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत आल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला की चार्जिंग रुसतं.

तरी मीटर घ्याच. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो आणि तो बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा फसवा, उगाच फुगलेला असतो. सेल्फ मारताना तो ९.६च्या खाली कोसळला आणि बॅटरी मुळात भरलेली होती, तर तिचे दिवस भरले. मग इंजिन सुरू करून पाहा: १३.८ ते १४.४ मिळाले तर चार्जिंग ठीक. १२.४वर अडकून हळूहळू उतरत असेल तर नवी बॅटरी आणून काही होणार नाही.

काही मेकॅनिक चालू गाडीचं बॅटरी टर्मिनल काढून ‘बघा, बंद पडली’ म्हणतात. हे करू देऊ नका. बॅटरीचा आधार सुटला की व्होल्टेज एकदम उसळतं. आल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे), व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर आणि एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शनची) गाडी असेल तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा जाऊ शकतो.

दोघंही निर्दोष आणि वायर चोर, हेही जुन्या गाडीत नेहमीचं. इंजिन चालू, दिवे आणि ब्लोअर लावलेले, आल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटवर १४.२, पण बॅटरीवर १३.४: म्हणजे मधली वायर किंवा अर्थ (बॅटरीची आणि इंजिनची बॉडीशी असलेली जोडणी) व्होल्टेज खातोय. गंजलेली अर्थ पट्टी काढून, घासून पुन्हा आवळली की फुकटात काम होतं. उलट खोड डायोडची: एखादा गळका झाला तर उभ्या गाडीत रात्रभर बॅटरी पितो आणि बदनाम बॅटरी होते.

आता पार्ट. बॅटरी नवीच घ्या आणि लेबलवरचं एल-आर (टर्मिनल डावीकडे की उजवीकडे) बघून घ्या, कारण टर्मिनल उलट्या बाजूला आलं तर केबल पुरत नाही, आणि ओढूनताणून उलटी जोडली तर आल्टरनेटरचे डायोड तिथेच संपतात. आल्टरनेटर मात्र अख्खा बदलायची घाई नको. पुष्कळदा झिजलेले असतात फक्त कार्बन ब्रश. नाहीतर रेग्युलेटर, डायोड प्लेट किंवा बेअरिंग, आणि हे सगळं सुटं मिळतं. नाना पेठेत जाताना जुना पार्ट खोलून पिशवीत टाका, आल्टरनेटरच्या पट्टीवरच्या नंबरचा फोटोही काढा. नुसतं ‘८००चा द्या’ म्हणालात तर दुकानदार कुठलं मॉडेल, कुठल्या साली, कुठल्या कंपनीचा असं विचारत बसेल, आणि त्याचं बरोबरच आहे.

रविवारी-बुधवारी जुन्या बाजारातही आल्टरनेटर दिसतात. पुली हाताने फिरवून खरखर ऐका, पट्ट्याच्या खाचा आणि बोल्टची भोकं तुमच्याशी जुळवा. तिथे तो चालवून दाखवता येत नाही, म्हणून घरी आणला की आधी इलेक्ट्रिशियनकडून बेंचवर तपासून घ्या, मग गाडीत चढवा.