दॅट्स ऑल, ब्रदर (सी-४७ विमान)

'दॅट्स ऑल, ब्रदर' हे अमेरिकेचं डग्लस सी-४७ जातीचं ट्रान्सपोर्ट विमान. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांचं सैन्य जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरलं तो दिवस म्हणजे डी-डे, ६ जून १९४४. त्या पहाटे फ्रान्समधल्या नॉर्मंडीवर पॅराट्रूपर्स (पॅराशूटने उतरणारे सैनिक) उतरवायला ८०० हून जास्त विमानं गेली, त्या मुख्य ताफ्याच्या अगदी पुढे हेच होतं (त्याआधी फक्त खुणा लावणाऱ्या पाथफाइंडर टीमची मोजकी विमानं गेली होती). नाव म्हणजे हिटलरला थेट निरोप, खेळ संपला बाबा तुझा.

विमान ओक्लाहोमात बनलं, सिरियल नंबर ४२-९२८४७. ५ जूनच्या रात्री लेफ्टनंट कर्नल जॉन डोनाल्सन यांनी ते इंग्लंडच्या ग्रीनहॅम कॉमन तळावरून उडवलं. पुढे असणं ही साधी गोष्ट नव्हती, कारण बहुतेक विमानांत नॅव्हिगेटरच नव्हता, रेडिओ बंद ठेवायचा हुकूम होता, मागच्यांनी पुढच्याचे मिणमिणते दिवे बघत जायचं, त्यात किनारा ओलांडल्यावर ढग लागले आणि खालून जर्मन तोफा सुरू, त्यामुळे कितीतरी विमानं पांगली. आत पॅराट्रूपर आपला हूक वरच्या केबलला अडकवून उभे, लाल दिवा गेला आणि हिरवा लागला की उघड्या दारातून उडी. नंतर हॉलंडमधल्या मार्केट गार्डन मोहिमेतही हे विमान होतं.

१९४५ मध्ये ते विकलं गेलं, मग मालक बदलत राहिले, रंग बदलत राहिले, आणि त्याची ओळख पार पुसली गेली. पण माझ्या मते ते वाचलं ते यामुळेच, कामाचं होतं म्हणून कुणी मोडीत काढलं नाही.

डोनाल्सन यांच्यावर संशोधन करताना अमेरिकन हवाई दलाच्या एका इतिहासकाराने सिरियल नंबरचा माग काढला, तर विमान विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला, बास्लर कंपनीच्या आवारात! ही कंपनी जुन्या सी-४७ ची बॉडी लांबवून, जुन्या पिस्टन इंजिनांच्या जागी टर्बोप्रॉप (टर्बाइनवर पंखा फिरवणारी) इंजिनं बसवून बीटी-६७ बनवते, म्हणजे तसं झालं असतं तर युद्धातलं विमान असं काही उरलंच नसतं. कमेमोरेटिव्ह एअर फोर्स या संस्थेने २०१५ मध्ये लोकवर्गणी काढून ते घेतलं आणि दुरुस्त केलं, डी-डेला आपली विमानं ओळखू यावीत म्हणून रंगवलेले काळे-पांढरे पट्टेसुद्धा परत आले. जानेवारी २०१८ मध्ये ते पुन्हा उडालं, आणि २०१९ मध्ये डी-डेच्या ७५ व्या वर्षानिमित्त अटलांटिक ओलांडून परत नॉर्मंडीवर गेलं. काचेमागे न ठेवता उडतं ठेवलं हे फार बरं केलं, कारण त्या दोन पिस्टन इंजिनांचा आवाज म्युझियममध्ये कळत नाही. आता त्याचा तळ टेक्सासमधल्या सॅन मार्कोसला आहे, एअर शोंमध्ये बघायला मिळतं.